पुढच्या चाकाची शिट्टी : ट्रकचा आवाज ऐकायचा कसा?



सुरुवातीला एक विचारतो. इथे गाडी चालवणारे किती जण आहेत? हात वर करा. बरं. गाड्या दुरुस्त करणारे? पाच-सहा दिसतायत. गाडीचे मालक? एकही हात नाही, म्हणजे मालक मंडळी आहेत पण बोलायला तयार नाहीत. (हशा) उरलेले सगळे एसटीने किंवा रिक्षाने आलेले दिसतात. तेही उत्तम. कारण आज जे बोलणार आहोत ते ट्रकबद्दल असलं, तरी एसटीच्या चाकातही साधारण हीच यंत्रणा असते, आणि रस्ता तर सगळ्यांचा एकच आहे.

विषय तसा एवढासा आहे. भरलेला ट्रक चाललाय आणि पुढच्या चाकातून 'कुईंऽऽ' असा आवाज येतोय. यावर तासभर काय बोलणार, असं संयोजकांनीही आम्हाला विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आवाज घालवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. आवाज कशाचा आहे हे शोधायला वेळ लागतो. आणि या दोन कामांत लोक गल्लत करतात, तिथे अपघात होतो.

आम्ही म्हणजे चार-पाच जणांचं वर्कशॉप, नाशिक जिल्ह्यात, महामार्गाच्या कडेला. मोठ्या गाड्यांचे ब्रेक, हब, स्टिअरिंग ही आमची रोजची कामं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कांद्याची एक दहाचाकी गाडी ओढून आणली गेली. आजचं सगळं बोलणं त्या एका गाडीभोवती फिरवणार आहोत.

कांद्याची गाडी

गाडी लासलगावला भरली होती आणि वाशीच्या मार्केटला निघाली होती. ड्रायव्हर अनुभवी माणूस. पुढचं डावं चाक दोन दिवसांपासून शिट्टी मारतंय हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने मालकाला फोन केला. शेठ म्हणाले, "आवाजच येतोय ना? गाडी चालतेय ना? मग माल खाली करून ये, नंतर बघू."

शेठना दोष देणं सोपं आहे. पण माल कच्चा, भाव रोज वर-खाली होणारा, आणि गाडीचा हप्ता थांबत नाही. त्यांच्या जागी बसून बघितलं तर उत्तर समजतं. चूक पुढे झाली.

वाटेत चहाला गाडी थांबली. तिथल्या एका टायर-पंक्चरवाल्याने सांगितलं, "भाऊ, हे तर काहीच नाही." त्याने डब्यातलं जुनं इंजिन ऑइल घेतलं आणि चाकाच्या आतल्या बाजूने, ड्रमच्या फटीतून सोडलं. शंभरेक पावलं गाडी पुढे-मागे केली. शिट्टी बंद! ड्रायव्हर खूश, पंक्चरवाला खूश, फोनवर शेठही खूश.

कसारा घाटाच्या तोंडाशी त्याने पहिल्यांदा जरा जोरात ब्रेक दाबला आणि गाडीने उजवीकडे हिसका घेतला. डाव्या चाकाच्या लायनरवर तेल, त्यामुळे तिथे ब्रेक लागतच नव्हता. उजवं चाक धरत होतं. स्टिअरिंग हातातून ओढलं जात होतं. त्याने एक गोष्ट बरोबर केली होती. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घेतला होता. म्हणून वेग कमी होता आणि गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. हाच प्रसंग घाटाच्या मध्यावर आला असता, तर आज ही गोष्ट आम्ही हसत-खेळत सांगू शकलो नसतो.

आता प्रश्न असा की मुळात ती शिट्टी कशाची होती? ते शेवटाकडे सांगतो. आधी शिट्टी म्हणजे काय ते पाहू.

शिट्टी वाजते कशी

शाळेत फळ्यावर खडू किंचाळायचा, आठवतं? अंगावर काटा यायचा. मास्तर काय करायचे? खडू मोडून अर्धा करायचे, किंवा तिरका धरायचे. आवाज जायचा. खडू तोच, फळा तोच, हात तोच. मग बदललं काय?

दोन वस्तू एकमेकींवर घासतात तेव्हा त्या नेहमी सलग घसरत नाहीत. क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं. काचेच्या ग्लासच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं तर ग्लास गातो, तेही हेच. चिकटण्या-सुटण्याचा हा ठेका त्या वस्तूच्या स्वतःच्या थरथरण्याशी जुळला, की आवाज मोठा होतो. खडू मोडला की त्याची लांबी बदलते, थरथर बदलते, जुळणी तुटते.

ट्रकच्या चाकात गज म्हणजे लायनर आणि घंटा म्हणजे ड्रम. घंटा हा शब्द उगाच वापरत नाही. काढलेला ड्रम टांगून त्यावर हलकेच हातोडी मारली तर चांगला ड्रम 'टण्ण' वाजतो आणि आवाज रेंगाळतो. तडा गेलेला ड्रम 'ठप्प' वाजतो. जुने मिस्त्री ड्रम असाच तपासतात. मडकं घेताना आई टिचकी मारून बघते, तसंच.

इथे कानाची एक गंमत लक्षात ठेवा. ब्रेकची शिट्टी साधारण सेकंदाला हजाराच्या वरच्या कंपनांची असते. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात. म्हणजे शिट्टी बरोबर कानात घुसते. उलट बेअरिंग खराब होतं तेव्हा ते बहुतेक वेळा खालच्या पट्टीत 'घर्रर्र' करतं, आणि तो आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. परिणाम काय? शिट्टीची तक्रार लगेच येते आणि घरघरीची तक्रार येतच नाही. पण जीवावर उठायची ताकद बऱ्याचदा त्या घरघरीत जास्त असते. कानाला ज्याचा त्रास जास्त, त्याचा धोकाही जास्त, असा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून आम्ही ड्रायव्हरला पहिली विनंती करतो की आवाजाला नाव द्या. आपल्या मराठीत त्यासाठी शब्दांची कमी नाही. 'कुईं' आहे का, 'खर्रर्र' आहे का, 'घर्रघर्र' आहे का, 'करकर' आहे का, की 'टक-टक'? नुसतं "चाक वाजतंय" म्हणालात तर मिस्त्री निम्मा दिवस शोधत बसेल. "कुईं वाजतं, ब्रेक दाबला की थांबतं," असं म्हणालात तर निम्मं काम झालंच.

गाडी न खोलता विचारायचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न. गाडी उभी असताना आवाज येतो का? हसू नका. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या केबिनखाली, पुढच्या चाकांच्या अगदी जवळ असतं. पंख्याचा पट्टा सैल झाला की इंजिन सुरू करताना किंवा रेस देताना तो कुईं करतो आणि कानाला वाटतं चाकातून आलं. गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, रेस द्या. आवाज आला तर चाकाला हात लावू नका, पट्टा बघा. या एका प्रश्नावर कित्येक चाकं उगाच खोलायची वाचली आहेत.

दुसरा प्रश्न. ब्रेकशी संबंध आहे का? इथे तीन शक्यता. ब्रेक दाबल्यावरच वाजतं, तर लायनर आणि ड्रमच्या घासण्यात काहीतरी आहे. ब्रेक सोडलेला असताना वाजतं आणि हलकेच दाबला की थांबतं, तर लायनर ड्रमला सतत चिकटून घासतोय, ब्रेक पूर्ण सुटत नाही. आणि दाबला काय, सोडला काय, काहीच फरक नाही, तर बेअरिंग, धुळीचा पत्रा किंवा टायर. पत्रा वाकून ड्रमला लागतो, किंवा पत्रा आणि ड्रममध्ये खडी अडकते. खडीचा आवाज भयंकर असतो, दुरुस्ती मात्र एका स्क्रू ड्रायव्हरची.

तिसरा प्रश्न. वेगाबरोबर ठेका बदलतो का? चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'कुईं... कुईं... कुईं' येत असेल तर काहीतरी एकाच जागी घासतंय. ड्रम गोल राहिलेला नाही किंवा पत्रा एका ठिकाणी लागतोय. सलग येत असेल तर घासणं सगळीकडे आहे. हे सपाट, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात तपासायचं. उतारावर गाडी न्यूट्रल करून आवाज ऐकायचा नाही. हे आम्ही हात जोडून सांगतो.

चौथा प्रश्न. वळणावर काय होतं? गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या चाकांवर जातं. उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. डावीकडे वळताना घरघर वाढली तर संशय आधी उजव्या बेअरिंगवर घ्या. आणि जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना 'करकर' आली तर ते चाक नव्हेच, बहुतेक किंगपिन कोरडं पडलंय. वळताना टायरच सिमेंटच्या फरशीवर चीं करत असेल तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट. टायरच्या नक्षीवरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चाकं सरळ धावत नाहीत.

पाचवा प्रश्न. केव्हा येतो? पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की ड्रमच्या आतल्या घासणाऱ्या भागावर गंजाचा पातळ थर येतो. कोकणात जून ते सप्टेंबर हे रोजचंच. सकाळी पहिले चार-पाच ब्रेक किंचाळतात, मग गंज घासून जातो आणि आवाज थांबतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तासभर चालवल्यावर, गाडी गरम झाल्यावर आवाज सुरू होत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे.

उष्णता खोटं बोलत नाही

पाच प्रश्न झाले की सहावा साक्षीदार बोलवायचा. तो म्हणजे उष्णता.

गाडीचा ब्रेक म्हणजे काय? वेगाची उष्णता करणारं यंत्र. थोडा हिशेब करू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि खोपोली शंभरच्याही आत. उतार ५०० मीटरचा धरू आणि गाडी मालासह २५ टनांची. या उतारावर जी ऊर्जा सुटते तिने साधारण ४०० लिटर पाणी उकळीला येईल. दोनशे लिटरची दोन पिंपं! इंजिनाने, म्हणजे खालच्या गिअरने, त्यातला मोठा वाटा उचलला नाही, तर ही सगळी उष्णता दहाचाकी गाडीच्या सहा ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पेडल दाबलेलं असतं, पण गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरा, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठी.

आता हीच उष्णता निदानाला वापरायची. दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवा. थांबा. डाव्या आणि उजव्या चाकाची तुलना करा. हात लावायचा नाही! घाट उतरलेल्या गाडीचा ड्रम दोनशे अंशांच्याही वर असू शकतो. हाताची मागची बाजू हबपासून चार बोटं लांब धरा. आता तापमान मोजायच्या छोट्या बंदुका मिळतात, त्या घेतल्या तर फारच छान. दोन्ही सारखी कोमट असतील तर ठीक. एक थंड आणि एक तापलेलं असेल तर तापलेल्यात काहीतरी अडकलंय. ब्रेक दाबून बघितल्यावर एक चाक तापतं आणि एक तापतच नाही, तर न तापणाऱ्याचा ब्रेक काम करत नाही. जळका वास असेल, धूर असेल, तर पुढे जायचा विषयच संपला. टायर पेटतो तो असाच.

आणि एक सांगतो, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. घाट उतरल्यावर कळशी रिकामी करणारे आम्ही पाहिले आहेत. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो, त्याला तडा जातो. सावलीत गाडी लावा, चहा प्या.

गाडी उचलल्यावर

इथून पुढचं काम मिस्त्रीचं. पण ड्रायव्हरने आणि मालकाने शेजारी उभं राहून बघावं, म्हणजे काय होतंय ते कळतं.

आधी जमीन सपाट हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. जॅकने पुढचा अॅक्सल उचलायचा आणि खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, "फक्त दोन मिनिटं" म्हणूनही नाही.

चाक हाताने फिरवा. मोकळं फिरतंय का? एक-दोन फेऱ्यांत अडकतंय का? फिरताना स्प्रिंगवर हात ठेवला तर खराब बेअरिंगची खरखर हाताला जाणवते, कानाला ऐकू यायच्या आधी.

मग टायरखाली टॉमी घालून चाक वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर तो बेअरिंगचा की किंगपिनचा? यासाठी जुनी युक्ती आहे. एकाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, कारण ब्रेकने ड्रम आणि अॅक्सल एकत्र बांधले गेले. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर किंगपिन झिजलंय.

बेअरिंगबद्दल एक गैरसमज आहे. खेळ दिसला की नट आवळायचा आणि "आता घट्ट बसलं" म्हणायचं. पुढच्या चाकाची बेअरिंग तिरक्या रोलरची असतात. ती गच्च आवळली की ग्रीसचा थर मोडतो, रोलर तापून निळे पडतात आणि शेवटी बेअरिंग जाम होतं. चालत्या गाडीत बेअरिंग जाम होणं म्हणजे चाक निखळण्याची तयारी. चाक फिरवत-फिरवत नट आवळायचा, मग कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तेवढा मागे घ्यायचा आणि लॉक करायचा. अगदी किंचित खेळ हवाच.

आता ड्रम काढू. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. ओल्या फडक्याने पुसा. तोंडावर मास्क लावा.

लायनरकडे बघा. आरशासारखा चकचकीत झालाय? तो जास्त तापून वरून भाजला गेलाय, ड्रमला पकडत नाही, नुसता गातो. थर वरवरचा असेल तर कागदाने घासून निघतो, भेगा पडल्या असतील तर लायनर बदला. रिव्हेट वर आलेत? मग ते ड्रमला चर पाडतायत, आवाज 'खर्रर्र' झालेला असणार. लायनर एका टोकाला जास्त झिजलाय? शू वाकडा बसतोय. ओला, काळा, तेलकट दिसतोय? मागचं ग्रीस सील गळतंय. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचा नाही. वरून कोरडा दिसतो, तापला की आतलं तेल पुन्हा बाहेर येतं. सील बदला, लायनर बदला, आणि बदलायचे ते दोन्ही बाजूंचे बदला. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला, तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढणार.

शेवटी, शू परत येतात का ते बघायचं. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबलं की चेंबरचा दांडा पुढे येतो, तो स्लॅक अॅडजस्टरला ढकलतो, कॅम फिरतो आणि शू पसरून ड्रमला लागतात. पेडल सोडलं की हवा निघून जाते आणि स्प्रिंग शूंना मागे ओढतात. दाबायला हवा आहे, परतायला फक्त स्प्रिंग. म्हणून कॅमचं बुश कोरडं पडलं, स्प्रिंग दमली किंवा तुटली, स्लॅक अॅडजस्टर जास्त आवळला गेला, की ब्रेक लागतो पण सुटत नाही.

छोट्या पिकअपचं थोडं वेगळं. त्यात पुढे बहुधा डिस्क असते. काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला लागून मुद्दाम कुईं करते. म्हणजे कंपनीने शिट्टीच बसवून दिली आहे, "मला बदला" म्हणून सांगायला. काही जण ती जीभच वाकवून ठेवतात. दारावरची बेल त्रास देते म्हणून तिची वायर कापण्यातला प्रकार.

तर ती शिट्टी कशाची होती?

कांद्याच्या गाडीकडे परत येऊ. डावं चाक खोललं. लायनर तेलाने चिंब, ते अपेक्षितच होतं. पण ड्रमवर निळसर डाग होते, म्हणजे तेल पडायच्या आधीपासून तो तापत होता. कॅम हाताने फिरवून बघितला, तर फिरेना. ग्रीस निप्पल मातीने बंद झालेलं, बुश कोरडं ठणठणीत. ब्रेक लागायचा आणि अर्धवट सुटायचा. लायनर घासत राहायचा, तापायचा, चकचकीत व्हायचा आणि वाजायचा.

ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, ब्रेक हलकेच दाबल्यावर आवाज थांबायचा का?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो, थांबायचा. पण ते कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य आमच्या मनात राहिलं. निदान त्या माणसाजवळ दोन दिवस होतं. विचारणारा नव्हता.

लासलगाव सोडायच्या आधी हे कळलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. कॅम काढून साफ करायचा, बुश बदलायचं, ग्रीस भरायचं, लायनर बघायचे. त्याऐवजी गाडी ओढून आणली, कांदा दुसऱ्या गाडीत भरला, दोन्ही बाजूंचे लायनर आणि डावा ड्रम बदलला. गाडी दोन दिवस उभी. शेठ स्वतः आले होते, बिल देताना काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या महिन्यात त्यांच्या उरलेल्या तीन गाड्या ग्रीसिंगला आल्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक श्रोता : नवीन लायनर टाकल्यावरही आवाज येतो. मिस्त्री म्हणतात, "बसेल हळूहळू." खरं का?*

थोडं खरं आहे. नवा लायनर ड्रमला सगळीकडे सारखा टेकायला काही दिवस लागतात, तोवर तो अधूनमधून वाजू शकतो. पण हा आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला पाहिजे. आठवड्यानंतरही तसाच असेल, किंवा चाक तापत असेल, तर "बसेल" म्हणून बसून राहू नका. जुन्या, चर पडलेल्या ड्रमला टर्निंग न मारता नवा लायनर टाकलाय का, ते विचारा. आणि टर्निंगलाही मर्यादा असते. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास लिहिलेला असतो, त्याच्या पुढे गेला की ड्रम भंगारात.

*एक श्रोत्या : आवाज आपोआप बंद झाला तर निश्चिंत व्हायचं का?*

ताई, फार चांगला प्रश्न विचारलात. सकाळच्या गंजाचा आवाज आपोआप जातो, तो सोडा. बाकी कोणताही आवाज दुरुस्तीशिवाय बंद झाला, तर आम्ही जास्त घाबरतो. सील फुटून ग्रीस लायनरवर आलं तरी आवाज बंद होतो. पॅडची ती जीभ झिजून तुटली तरी बंद होतो. मूल रडायचं एकदम थांबलं की आई आत जाऊन बघते ना, तसं बघायचं.

*एक श्रोता : मी गाडीमालक आहे. (हशा) प्रत्येक आवाजाला गाडी थांबवली तर धंदा कसा करायचा?*

शेवटी हात वर आला! प्रश्न अगदी रास्त आहे. प्रत्येक आवाजाला गाडी थांबवा असं आम्ही म्हणतच नाही. तीन टोपल्या करा.

पहिली टोपली, चालवत राहा पण वहीत नोंद करा. सकाळची गंजाची शिट्टी, नव्या लायनरचा आवाज, पंख्याच्या पट्ट्याची अधूनमधून कुईं, किंगपिनची करकर. पुढच्या सर्व्हिसिंगला बघा.

दुसरी टोपली, आज मुक्कामाला पोचल्यावर खोला, पण घाटात शिरायच्या आधी. ब्रेक दाबला की रोज वाजणारी शिट्टी, फेऱ्यागणिक येणारा आवाज, एका चाकाचं दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त तापणं.

तिसरी टोपली, आत्ता, इथेच थांबा. ब्रेकला गाडी एकीकडे ओढते. एक चाक भाजेल इतकं तापलंय. जळका वास, धूर. लोखंडावर लोखंड घासल्याची खर्रर्र. वळणावर वाढणारी घरघर आणि त्याबरोबर स्टिअरिंगला थरथर. इथे माल कुठलाही असो, फोनवर कुणीही काहीही म्हणो, गाडी कडेला घ्यायची.

आणि मालक म्हणून तुम्ही एक करू शकता, त्याला पैसे लागत नाहीत. ड्रायव्हरचा फोन आला की "गाडी चालतेय ना?" एवढंच विचारू नका. "ब्रेक दाबल्यावर आवाज थांबतो का? कुठलं चाक तापतंय?" हे विचारा. तुमचा ड्रायव्हर दिवसाचे बारा-बारा तास त्या गाडीचं ऐकत असतो. त्याला उत्तर बहुधा माहीत असतं.

वेळ संपली. इथेच थांबतो.  सुखरूप घरी पोचा.